पिकाची रोजकीर्द लिहिणारा शास्त्रज्ञ

भूगोलाच्या तासाला कोरडवाहू शेतीचा विषय निघाला की आम्हां खेड्यातल्या मुलांचे उत्तर ठरलेले असते : पाऊस नाही, म्हणून पीक नाही. माझ्या घरी तर हे उत्तर वारसाहक्कानेच चालत आले आहे. त्यात काही उणे असेल अशी शंका मला प्रथम आली ती एका डच शास्त्रज्ञाची हकिगत वाचताना. त्यांचे नाव कॉर्नेलिस ट्युनिस द विट. कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यांच्याविषयी लिहावे याचे कुणाला नवल वाटेल. परंतु प्रश्न नीट विचारण्याची जी रीत त्यांनी तरुणांना शिकवली, ती काही एकाच शाखेच्या मालकीची नाही.

द विट यांचा जन्म १९२४ साली नेदरलँड्समधील ब्रुमेन या गावी झाला. वाखेनिंगेन येथे त्यांचे कृषिशिक्षण झाले आणि १९५३ साली, खत जमिनीत नेमके कोठे पेरावे या वरवर साध्या प्रश्नावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली. काही काळ ते ब्रह्मदेशातही काम करून आले. शेतीसंशोधन म्हणजे वाफे पाडायचे, खतांच्या निरनिराळ्या मात्रा द्यायच्या आणि कापणीनंतर धान्याचे वजन करायचे, अशी तेव्हाची रूढ पद्धत होती. एका गावचा निष्कर्ष दुसऱ्या गावी लागू पडेलच याची खात्री नसे. द विट यांना वजनापेक्षा त्यामागच्या कारणाची ओढ अधिक. पिकाने पानांवाटे सोडलेले पाणी आणि त्याची वाढ यांचा संबंध त्यांनी १९५८ साली मांडला. पानांच्या दाटीत ऊन कसे झिरपते आणि त्यातून पीक किती अन्न तयार करते, याचे गणित १९६५ साली प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी संगणक हाताशी धरला.

यातूनच पिकाचे गणिती प्रतिमान आकाराला आले. दुकानदार जशी रोजकीर्द लिहितो तसाच हा प्रकार आहे. आजचे ऊन किती, उष्णता किती, जमिनीत ओल किती, नत्र किती हे जमेला धरायचे; पिकाने त्यातले काय वापरले ते खर्ची टाकायचे; आणि पेरणीपासून कापणीपर्यंत दिवसामागून दिवस हा हिशेब पुढे न्यायचा.

१९६८ साली ते वाखेनिंगेनला प्राध्यापक झाले व १९८९ पर्यंत त्यांनी विद्यार्थी घडवले. या शिकवणुकीची कसोटी लागली ती आफ्रिकेतील मालीमध्ये. १९७० नंतरच्या दशकात साहेल प्रदेश दुष्काळाने होरपळला होता आणि दोष साहजिकच पावसावर होता. द विट यांच्या परंपरेतील पेनिंग द व्रीस, ब्रेमन आदी संशोधकांनी मालीतील सहकाऱ्यांसह तेथील गवताळ रानांचा हिशेब मांडला. १९८२ साली तो ग्रंथरूपाने आला. निष्कर्ष धक्का देणारा होता. अगदी उत्तरेकडचा शुष्क पट्टा सोडला, तर वाढ प्रामुख्याने अडते ती पाण्यावाचून नव्हे, तर नत्र आणि स्फुरद यांच्या अभावी. पडलेला पाऊसही भुकेली जमीन पुरता वापरू शकत नाही.

पुढे १९८४ पासून वाखेनिंगेन आणि फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था यांनी मिळून भारतासह आशियातील अनेक देशांच्या तरुण संशोधकांना ही विद्या शिकवली. एकेकट्याला न बोलावता संशोधकांचे गट तयार केले, ही त्यातली शहाणपणाची गोष्ट. पिकाचा जाणकार, मातीचा जाणकार व गणिताचा जाणकार एकत्र बसल्याशिवाय ही रोजकीर्द पुरी होत नाही.

अर्थशास्त्राच्या मित्रांसाठी आणखी एक गोष्ट. घटत्या फलाचा नियम आपण पाठ करतो. द विट यांनी १९९२ साली दाखवून दिले, की बाकीच्या गरजा भागलेल्या असतील तर पीक प्रत्येक साधनाचा उपयोग अधिक चांगला करते. म्हणजे ज्याच्याकडे सगळ्याच गोष्टींची टंचाई, त्याचे थोडेसे खतही वाया जाण्याची भीती मोठी. लहान शेतकऱ्याच्या दैन्याचे हे एक कारण मला कुठल्याही क्रमिक पुस्तकात भेटले नव्हते.

१९८४ च्या सुमारास त्यांना शेतीसाठीचे वुल्फ पारितोषिक लाभले. १९९३ साली ते निवर्तले. वाखेनिंगेनची एक पदव्युत्तर संशोधनशाळा त्यांच्या नावाने ओळखली जाते. हवामान बदलत असताना, उष्णता दोन अंशांनी वाढली किंवा पाऊस पंधरा दिवस लांबला तर पिकाचे काय होईल, हे आज त्यांनी घालून दिलेल्या वाटेनेच तपासले जाते. मात्र सावकाराचे व्याज आणि बाजारातला भाव त्या रोजकीर्दीत नाही, हेही विसरून चालणार नाही. तो हिशेब आपल्यासारख्यांनी मांडायचा आहे.

येत्या उन्हाळ्यात घरच्या शेताचे माती-परीक्षण करून घ्यायचे मी ठरवले आहे. वडिलांना ते अजून पटलेले नाही. एकदा पाऊस नीट झाला की सारे ठीक होईल, असे त्यांना वाटते. ते चुकतात असे मी म्हणणार नाही. पण पाऊस आला तर आपली जमीन त्याचे सोने करायला तयार आहे का, एवढे मात्र मला त्यांच्यासोबत बसून पाहायचे आहे.