वाऱ्याचा हिशेब आणि बेंजामिन रॉबिन्स

२०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं. त्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ असतं जेमतेम १०.४ मिलिमीटरचं! आणि हिंदमाताला भर पावसात ज्याची छत्री उलटी झालीय, त्याला वारा काय चीज आहे हे सांगायला नको. पॉइंट टू-टूच्या चिमुकल्या गोळीला हा वारा किती सरकवतो, याचं मूळ शोधत गेलं की आपण पोचतो बेंजामिन रॉबिन्सपाशी.

रॉबिन्स १७०७ साली इंग्लंडमधल्या बाथ गावी एका गरीब क्वेकर कुटुंबात जन्मला. कॉलेज वगैरे नाहीच, गणित बरंचसं स्वतःच शिकला आणि विसाव्या वर्षी रॉयल सोसायटीचा फेलो झाला. युद्ध न मानणाऱ्या पंथातला हा मुलगा पुढे तोफांच्या मागे लागला, ही गंमतच.

तेव्हाचे तोफखान्याचे जाणकार गोळ्याचा मार्ग म्हणजे पॅराबोला आणि हवेचा अडथळा नगण्य, असं धरून चालत. रॉबिन्सने बॅलिस्टिक पेंड्युलम बनवला. टांगलेल्या लाकडी ठोकळ्यात गोळी मारायची, तो किती झुलला ते मोजायचं, की मोमेंटमवरून वेग मिळाला. (फर्स्ट इयरच्या फिजिक्समधलं आपलं लाडकं गणित ते हेच!) अंतर बदलत बदलत त्याने वाटेत वेग किती घटतो तेही काढलं. मस्केटच्या गोळीवर हवेचा अवरोध तिच्या वजनाच्या शंभरपटीहून जास्त निघाला! ध्वनीच्या वेगाजवळ तर तो एकदम वाढतो, हेही त्याला दिसलं.

नेमबाजांना हेच नडतं. आडवा वारा गोळीला किती हटवणार हे नुसत्या वेळेवर ठरत नाही, हवेच्या अडथळ्यामुळे जो जादा वेळ लागतो त्यावर ठरतं. म्हणून पॉइंट टू-टूची हाय व्हेलॉसिटी गोळी आधी पोचूनही जास्त सरकते. मॅचमध्ये ध्वनीपेक्षा कमी वेगाची गोळी वापरतात, त्याचं एक कारण हे.

रॉबिन्सचं पुस्तक १७४२ साली आलं. खुद्द ऑयलरने १७४५ मध्ये स्वतःच्या भल्यामोठ्या टिपा जोडून ते जर्मनमध्ये नेलं. पुढच्याच वर्षी कॉप्ली मेडल मिळालं. १७४७ मध्ये त्याने रायफलची बाजू मांडली: जे राष्ट्र आधी आटे पाडलेली नळी नीट समजून वापरेल, ते इतरांना भारी पडेल. सैन्यांनी हे मनावर घ्यायला जवळजवळ शंभर वर्षं लावली.

१७५० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनियर म्हणून तो कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला आला. किल्ल्यांच्या दुरुस्तीचे आराखडे केले, पण इथली हवा मानवली नाही. जुलै १७५१ मध्ये तिथेच तापाने गेला. वय अवघं ४४.