जॉन न्यूटन : खलाशी, पती आणि पाळक

‘अमेझिंग ग्रेस’ गीताचे कर्ते जॉन न्यूटन (जन्म १७२५, लंडन) यांना आपण पाळक म्हणून ओळखतो; पण मूळचे ते दर्यावर्दी. १७४४ साली त्यांना जबरीने आरमारात भरती केले गेले. पळून जाताना सापडले तेव्हा फटके बसले. पुढे ते गुलामांच्या जहाजांवर गेले. १७४८ च्या वादळात त्यांनी देवाचा धावा केला खरा, तरी तो धंदा १७५४ पर्यंत चालूच होता. १७५० मध्ये विवाह झालेल्या मेरीला ते जहाजावरून प्रेमाने पत्रे लिहीत, आणि खाली तळाशी घरादारापासून तोडलेली माणसे साखळदंडांत असत! ही विसंगती आम्ही झाकू इच्छित नाही. १७८८ मध्ये पुस्तिका लिहून त्यांनीच तो व्यापार उघडा पाडला.

पोटी मूल नव्हते. मेरीच्या दोन भाच्या त्यांनी वाढविल्या. एलायझा १७८५ साली वारली, मेरी १७९० मध्ये. १८०१ मध्ये बेट्सीला मनोविकार जडून इस्पितळात ठेवावे लागले. दृष्टी मंदावलेले न्यूटन रोज तिच्या खिडकीखाली जाऊन हातरुमाल हालवीत, आणि तिने उत्तर दिले की नाही, हे सोबत्याला विचारीत. ती बरी होऊन घरी आली. मार्च १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटात संमत झाला. त्याच वर्षी २१ डिसेंबरला न्यूटन प्रभूमध्ये निजले.