रेव्हरंड टिळकांचे शेवटचे बिऱ्हाड

आपल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत सेवा करणाऱ्या पाळक व उपदेशक बंधूंपुढे एक प्रश्न नेहमी उभा असतो, आणि तो सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. तीस वर्षे ज्या घरात आपण राहिलो ते घर आपले नसते. सेवा संपली की किल्ली परत द्यावी लागते. मग जावे कोठे? मूळ गावी जावे, तर तेथे भाऊबंदांनी वाटणी केव्हाच करून घेतलेली असते. मुलाकडे शहरात जावे, तर त्याची जागा त्यालाच पुरत नाही. आमच्या सोलापूर जिल्ह्यातील अनेक सेवकांच्या घरी रात्री दिवा मालवल्यावर हीच गोष्ट चाललेली असते. म्हणून ज्यांनी हा प्रश्न फार निराळ्या रीतीने सोडविला, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचे चरित्र ह्याच एका बाजूने आज पाहू.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आईवर त्यांचे अत्यंत प्रेम होते. ती लवकरच वारली. वडिलांचा स्वभाव कडक असल्यामुळे घराची ओढ तुटली, आणि मुलगा नाशिकास गेला. तेथे संस्कृत विद्या व कवित्व ह्यांचा पाया घातला गेला. नाशिकजवळील जलालपूर येथील गोखल्यांची कन्या त्यांस दिली गेली. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून सर्व महाराष्ट्रास परिचित झाल्या.

एका ठिकाणी स्थिर राहणे टिळकांच्या प्रकृतीत नव्हते. आज येथे शिक्षक, उद्या तेथे कीर्तनकार, परवा नागपुरास श्रीमंत आश्रयदात्याकडे संस्कृत ग्रंथांचे काम, असा त्यांचा क्रम होता. हाती आलेला पैसा गरजवंतास देऊन टाकावा व घरी पीठ नसावे, हेही नेहमीचेच. बिऱ्हाड मांडणे व मोडणे हा लक्ष्मीबाईंचा जन्माचा उद्योग होऊन बसला होता.

१८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जात असता आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. पुढे वाचन, विचार व प्रार्थना होऊन १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या दिवशी त्यांस नवे कुटुंब मिळाले, परंतु जुने घर बंद झाले. लक्ष्मीबाई काही वर्षे आप्तांकडे राहिल्या. त्यांपैकी काही काळ आपल्या ह्याच जिल्ह्यातील पंढरपुरात गेला. विठोबाच्या नगरीत एका बाईने पतीविना, परक्याच्या उंबरठ्याआत दिवस कसे काढले असतील ह्याचा वाचकांनी विचार करावा. अखेर त्या पतीकडे परत आल्या, आणि १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

ह्यानंतर टिळकांचे वास्तव्य मुख्यतः अहमदनगर येथे झाले. त्या नगरास आता अहिल्यानगर म्हणतात. तेथे ते अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत होते. पाळकपणाची दीक्षा त्यांस १९०४ साली मिळाली. ईश्वरविद्या शिकविणे, राहुरीच्या मंडळीची सेवा, भजने रचणे, कीर्तने करणे, आणि १९१२ पासून ज्ञानोदयाच्या मराठी भागाचे संपादन, इतकी कामे त्यांनी उचलली. उपासनेत भजन, टाळ व कीर्तन ह्यांस त्यांनी जो मान मिळवून दिला तो आजही टिकून आहे. निराश्रित मुले त्यांच्या घरी वाढली. बालकवी ठोंबरे ह्यांच्यासारख्या तरुण कवीसही त्या घराने आसरा दिला.

अशा रीतीने १९१७ साल आले. टिळकांचे वय पंचावन्न झाले होते. त्या काळी सरकारी चाकरीतले लोक ह्याच वयास पेन्शन घेऊन गावी घर बांधीत. टिळकांस पगार होता, राहण्यास घर होते, मान होता. तरी ह्याच वेळी त्यांनी मिशनची नोकरी व वेतन सोडून संन्यास घेण्याचा निश्चय केला. मिशनशी भांडण म्हणून हे केले नाही. पगारी माणसाच्या तोंडून ख्रिस्ताचे नाव ऐकले की देशबांधवांस ते विकत घेतलेले वाटते, हे शल्य त्यांस टोचत होते. संन्यास म्हणजे बायकोमुलांचा त्यागही त्यांनी मानला नाही. त्याग केला तो वेतनाचा व पदाचा.

ह्या नव्या जीवनासाठी त्यांनी साताऱ्यास बिऱ्हाड केले. नगरास ओळखीची मंडळी, मित्र व शिष्य होते. तेथेच राहिले असते तर जुना अधिकार व जुन्या सवयी सोबत राहिल्या असत्या. साताऱ्यास त्यांचे घर म्हणजे देवाचा दरबार झाला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व भक्त एका बंधुसमाजात यावे, हा त्या दरबाराचा हेतु होता.

परंतु ते बिऱ्हाड फार दिवसांचे नव्हते. पुरी दोन वर्षेही झाली नाहीत तोच प्रकृती खालावली. त्यांस उपचारासाठी मुंबईस नेले, आणि ९ मे १९१९ रोजी ते प्रभूकडे गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहास अग्नी देण्यात आला, व अस्थी नगरास नेऊन ठेवण्यात आल्या. जे नगर त्यांनी जिवंतपणी सोडले, तेच त्यांच्या विश्रांतीचे स्थान झाले.

येथे चरित्र संपवावे असे वाटते. पण मग अर्धी गोष्ट राहून जाईल. टिळक गेले, आणि घराचा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या पदरी आला. त्या मुंबईस मुलींच्या वसतिगृहात कामास राहिल्या, काही काळ कराचीस राहिल्या, आणि शेवटी नाशिकास स्थिरावल्या. पतीच्या हातून अपुरे राहिलेले ख्रिस्तायन त्यांनी पुरे केले, स्मृतिचित्रे लिहिली, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकास देह ठेवला. ज्या मुलखातून त्या नवरी होऊन निघाल्या होत्या, तेथेच पुन्हा आल्या. मध्ये किती उंबरठे झाले!

बंधूंनो, ह्या दोन जीवनांकडून आपण काय घ्यावे? टिळकांकडून हे घ्यावे की सेवा संपल्यावर कोठे राहावे हे केवळ भाडे व पाणी पाहून ठरवू नये. तेथे आपल्या हातून काय घडेल हेही पाहावे. ज्या गावी शाळेत न जाणारी चार मुले आहेत, भजनास पेटीवाला नाही, त्या गावी म्हाताऱ्या उपदेशकाची गरज संपलेली नसते. जुन्या मंडळीच्या शेजारी राहून नव्या पाळकाच्या कामात हात घालण्यापेक्षा थोडे दूर राहणे पुष्कळदा बरे.

लक्ष्मीबाईंकडून हे घ्यावे की हा निश्चय एकट्याने करू नये. बहुधा पत्नी आपल्यामागे राहते, आणि राहायचे घर तिला लागते. म्हणून वेतन चालू आहे तोवरच दोघांनी एकत्र बसून बोलावे. दरमहा थोडे बाजूस ठेवावे. जागा घेतली असेल तर तिचे कागद पाहावेत, आणि त्यांवर पत्नीचे नाव असावे. श्रद्धा व तरतूद ह्यांचे वैर नाही.

आणि मंडळीच्या पंचांस एक विनंती. तुमच्या पाळकाची सेवा पुरी होण्यास किती वर्षे उरली ह्याची चौकशी ह्या महिन्याच्या सभेत करा, आणि पाळकीणबाईंस कोठे राहणे आवडेल हे त्यांसही विचारा. कदाचित आजवर ते त्यांस कोणी विचारलेच नसेल.