माँटेसरीबाईंचे पहिले विद्यार्थी

आपल्याकडे बालवाडीला कित्येक घरांत आजही माँटेसरी म्हणतात. पण हे एका बाईंचे आडनाव आहे आणि त्यांचे काम, ज्यांना कोणतीच शाळा घेत नव्हती अशा मुलांपासून सुरू झाले, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

मारिया माँटेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील किआराव्हाले येथे झाला. मुलीने डॉक्टर व्हावे हे त्या काळी तिथे लोकांना रुचत नसे. तरीही १८९६ साली त्या रोम विद्यापीठातून डॉक्टर झाल्या.

पुढे काम करताना रोममधील वेड्यांच्या इस्पितळात त्यांना काही मुले दिसली. ती मंदबुद्धी ठरवून तिथे ठेवलेली होती. असे सांगतात की, जेवण झाल्यावर ही मुले जमिनीवरचे पावाचे कण वेचीत आणि देखरेख करणाऱ्या बाईला तो हावरटपणा वाटे. डॉक्टरबाईंनी खोलीभर नजर फिरवली. हातात घेण्यासारखी दुसरी एकही वस्तू तिथे नव्हती! मुलांची भूक पोटाची नव्हती, त्यांच्या हातांना काम हवे होते.

बाईंनी ईतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचे ग्रंथ अभ्यासले. १९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी शाळा निघाली, तिच्या दोन प्रमुखांपैकी त्या एक होत्या. लाकडी अक्षरांवरून बोटे फिरवीत मुले अक्षरे शिकली. त्यांतील काही जण इतर मुलांबरोबर लेखन-वाचनाच्या परीक्षेस बसले व उत्तीर्ण झाले. सर्वांनी वाहवा केली. बाईंना मात्र निराळाच प्रश्न पडला. ही मुले इथवर येतात, तर नेहमीच्या शाळेतील धडधाकट मुले इतकी मागे का? मग उणीव मुलांत की शिकवण्यात?

या प्रश्नातूनच ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. १९३९ मध्ये त्या मद्रासजवळ अड्यारला आल्या. महायुद्धामुळे भारतातच राहून त्यांनी असंख्य शिक्षक तयार केले. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांची ती पहिली शाळा वेगळी होती. आज अशा मुलांनी सर्वांबरोबर एकाच वर्गात शिकावे असे मानतात. आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता आणि वाचन-लेखनातील विशिष्ट अडचणींचीही दखल घेतली आहे. पण कायदा वर्गाच्या दारापर्यंतच येतो. आत बाकावर जागा करून देणे आपल्या हाती आहे.

मित्रांनो, शेजारच्याला अक्षरे लवकर लागत नसतील किंवा गोंगाटाने तो कावराबावरा होत असेल, तर हसू नका. त्याला खेळात घ्या. आणि पालकहो, मूल लक्षच देत नाही असे म्हणण्यापूर्वी, आपण त्याच्या हातात काय दिले हे एकदा पाहूया.