आजचं चिंतन : गीता २.१६ – काय गेलं, काय उरलं

आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला सोळावा. खरं काय आणि नुसतं भासणारं काय, हे भगवंत इथे अर्जुनाला सांगतात. भास टिकत नाही, आणि खरं कधी नाहीसं होत नाही. ज्ञानेश्वर माउली यावर राजहंसाचा दृष्टान्त देतात, पाण्यात मिसळलेलं दूध निवडून घेणारा. दुसरा दृष्टान्त सोन्याचा. आगीत हीण जळतं, चोख तेवढं उरतं.

हा श्लोक वाचताना मला अमेरिका आठवते. कोपरखैरण्यात राहून आयटीत काम करणाऱ्याला ती आठवणारच. दरवर्षी एच-वन-बीची लॉटरी, सगळे मिळून ८५,००० व्हिसा, आणि नंतर ग्रीन कार्डची संपता न संपणारी रांग. हे सगळं ठाऊक असूनही मनातली अमेरिका मात्र फोटोतलीच असते. तिच्यात दूध किती आणि पाणी किती?

हा प्रश्न पडला की मला ठाण्यापलीकडच्या कल्याणची यमुना आठवते. ३१ मार्च १८६५ चा जन्म. नवव्या वर्षी लग्न झालं, नाव आनंदी झालं. नवरा गोपाळराव जोशी पोस्टात कारकून, बिजवर, वयानं जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. बायकोनं शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट. त्यासाठी त्यांनी तिला मारलंही. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य औषधपाणी मिळालं असतं तर वाचला असता, हे त्यांच्या मनातून गेलं नाही. डॉक्टर व्हायचं ते तिथं ठरलं.

१८८० मध्ये गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना मदतीसाठी पत्र लिहिलं. उत्तर आलं ते ख्रिस्ती होण्याच्या सल्ल्यासह. ते दोघांनाही मान्य नव्हतं. पण तो पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मासिकात छापला गेला, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तो वाचला. ओळख ना पाळख, त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून आपण का जातोय ते सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, हा त्यांचा शब्द होता. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोट सुटली तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि नवरा बरोबर नव्हता. जूनमध्ये न्यूयॉर्क. मग फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज. साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. थंडी सोसत नव्हती, प्रकृती ढासळत गेली. तरी ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेतली. प्रबंधाचा विषय हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

कोल्हापूर संस्थाननं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाची जागा देऊ केली होती. वर्षाच्या अखेरीस त्या परतल्या त्या क्षय घेऊनच. कोल्हापूरला रुजू होणं झालंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

इथे माझं मन अडतं. याच अध्यायात दोन श्लोक आधी भगवंत सांगतात की थंडी-ऊन, सुख-दुःख येतं आणि जातं, ते सोसावं. आनंदीबाईंनी सोसलं, पण ते सोसणं त्यांना घेऊन गेलं. मग आत्मा अमर आहे म्हणून या मरणावर पांघरूण घालायचं का? मला ते पटत नाही. अर्जुनाचे अश्रू खोटे आहेत असं भगवंतही म्हणत नाहीत. ते फक्त विचारतात, यातलं टिकणारं काय?

तसं पाहिलं तर आनंदीबाईंच्या हातून गेलं बरंच. देह गेला, हुद्दा मिळालाच नाही, पदवीचा कागद वापरायला वेळ मिळाला नाही. आपण ज्याला अमेरिकेचं स्वप्न म्हणतो, त्याच्या मोजपट्टीवर हे सगळं फुकट गेलं. उरलं ते वेगळंच. दहा दिवसांच्या बाळामुळे झालेला निश्चय उरला. त्याच्या आधारानं पुढे किती मुली डॉक्टर झाल्या. आणि समुद्रापलीकडच्या मावशीची माया उरली. आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या आणि त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवल्या. आजही त्या तिथेच आहेत.

मग अमेरिका भास का? देश म्हणून ती खरी आहे, तिथली थंडीही खरी आणि मायाही खरी. भास आहे तो आपण चिकटवलेला: तिथे पोचलो की सगळं मिळालं. आनंदीबाईंनी तो चिकटवलाच नव्हता. त्या निघाल्या तेव्हा काय आणायचंय आणि कोणासाठी, हे त्यांना ठाऊक होतं.

व्हिसाचा फॉर्म भरणाऱ्यानं भरावा, थांबणाऱ्यानं थांबावं. पण आज रात्री झोपण्याआधी एवढं स्वतःला विचारू या: माझ्या स्वप्नातून घर, गाडी, हुद्दा बाजूला काढला, तर तळाशी कोणासाठी काही उरतं का?

राम कृष्ण हरी.