रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप व टाकळघाटची शिळावर्तुळे

समुद्रपूरहून नागपुरास जाताना वाटेत बुटीबोरी लागते. तिच्याजवळच टाकळघाट नावाचे गाव आहे. ह्या गावाच्या परिसरात मोठमोठे धोंडे गोलाकार मांडलेले पूर्वीपासून आढळत आले आहेत. ही मांडणी निसर्गाची नव्हे. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकात येथे राहणाऱ्या, लोखंड वापरणाऱ्या लोकांची ती दफनस्थाने होत. ह्याच वर्तुळांच्या शोधात ज्यांचा अंत झाला, त्या थोर पुरुषाचे अल्प चरित्र आम्ही येथे देत आहोत.

स्टीफन हिस्लॉप ह्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडातील डन्स ह्या गावी झाला. एडिंबरो व ग्लासगो येथे विद्याभ्यास करून फ्री चर्च मंडळीतर्फे ते १८४५ साली नागपुरास आले. त्या वेळी तेथे भोसल्यांचे राज्य होते. दुसऱ्याच वर्षी त्यांनी शाळा उघडली, व १८४७ साली रेव्हरंड रॉबर्ट हंटर त्यांस येऊन मिळाले. धर्मोपदेशासाठी गावोगाव हिंडताना पायाखालची जमीन निरखण्याचा छंद दोघांनाही जडला. नागपूरजवळच्या टाकळीत त्यांना दगड झालेली प्राचीन फळे सापडली. दक्षिणेकडे मांगली येथे मिळालेल्या एका लुप्त जलस्थलचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन प्रसिद्ध शास्त्रज्ञ ओवेन ह्यांनी केले. टाकळीच्याच एका खनिजास पुढे हिस्लॉपाइट असे नाव मिळाले. गोंड लोकांची गाणी व चालीरीतीही ते टिपून ठेवीत. एवढा व्याप शाळा सांभाळून कसा होत असे, ह्याचे आम्हांस नवल वाटते.

शिळावर्तुळांकडे त्यांचे लक्ष वेधले ह्यात आश्चर्य नाही. मात्र त्या काळी आत काय आहे हे जाणण्याचा उपाय एकच, तो म्हणजे कुदळ. वर्तुळ उकरले की मडकी, हाडे व लोखंडी हत्यारे हाती येतात. परंतु ती कोणत्या थरात, कशाशेजारी होती, हा पुरावा त्याच क्षणी मोडतो, आणि एकदा उकरलेले वर्तुळ पुन्हा उकरता येत नाही. म्हणून आता अभ्यासक प्रथम जमिनीस धक्का न लावता पाहतात. प्रत्येक धोंड्याची जागा मोजून नकाशा काढतात. जमिनीत विजेचा सौम्य प्रवाह सोडून तिचा विरोध मोजतात. मऊ मातीने भरलेला खड्डा व भोवतालची घट्ट भूमी ह्यांतील फरक त्यावरून उमगतो. चुंबकमापकाने जळकी माती व लोखंड ह्यांचा माग लागतो. पण आपल्याकडील काळा फत्तर स्वतःच चुंबकीय असल्यामुळे ते यंत्र येथे सहज फसते. तेव्हा एकाच साधनावर विसंबून भागत नाही. टाकळघाट-खापा येथे १९६० नंतरच्या दशकात नागपूर विद्यापीठाच्या वतीने प्राध्यापक शां. भा. देव ह्यांनी रीतसर उत्खनन केले. वर्तुळे बांधणाऱ्यांच्या वस्तीचे अवशेष तेथे मिळाले, ही विशेष गोष्ट. कारण थडगी पुष्कळ सापडतात, घरे क्वचित.

१८६३ सालच्या सप्टेंबरात मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल ह्यांचा मुक्काम बोरीस होता. त्यांच्याबरोबर हिस्लॉप टाकळघाटची वर्तुळे पाहावयास गेले. ४ तारखेस परतताना ते एकटेच मागे राहिले. पावसाने वाटेतला ओढा फुगला होता, व घोड्यावरून तो उतरताना ते बुडाले. वयाची ४६ वर्षे पुरी होण्यास अवघे चार दिवस उरले होते. आपल्या भागातील पावसाळी नाला किती थोड्या वेळात चढतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

गोंडांविषयीची त्यांची टिपणे अपुरीच राहिली होती. ती जुळवून टेंपल ह्यांनी १८६६ साली छापून प्रसिद्ध केली. नागपुरातील त्यांच्या विद्याकार्यातून १८८३ साली जे कॉलेज निघाले, ते हिस्लॉप ह्याच नावाने चालत आहे, आणि आपल्या भागातील कित्येक मुले मॅट्रिकनंतर तेथे शिकावयास गेली आहेत.