मेरिलिन मन्रोचे दुखणे

१९५२ च्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयात अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी पंचविशीतली एक नटी दाखल झाली. टेबलावर घेतल्यावर तिच्या पोटावर चिकटवलेली चिठ्ठी डॉक्टरांना दिसली. शक्य तितके कमी कापा आणि बीजांडकोशांना हात लावू नका, अशी तिने विनवणी केली होती. अपेंडिक्ससाठी आलेल्या बाईला बीजांडकोशांची एवढी धास्ती का वाटावी?

ही मेरिलिन मन्रो. जन्म १ जून १९२६, लॉस एंजेलिसचाच. आई मनोरुग्ण, त्यामुळे बालपण परक्यांच्या घरी आणि काही काळ अनाथाश्रमात गेले. सोळाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी सिनेमाचा करार. पुढची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. तिच्या पाळीच्या दिवसांतल्या असह्य वेदना मात्र फार थोड्यांना ठाऊक होत्या. तिला एंडोमेट्रिओसिस होता.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखा पेशीसमूह गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजांडकोशांवर, आतड्यांवर, मूत्राशयाजवळ वाढतो. तिथे दाह होतो, जखमेचे व्रण बनतात, अवयव एकमेकांना चिकटतात. आज दुर्बिणीतून तो पाहता येतो, संप्रेरकांच्या गोळ्यांनी आटोक्यात ठेवता येतो. त्या काळी दुर्बिणीची शस्त्रक्रिया रूढ नव्हती. पोट उघडणे हाच मोठा मार्ग, आणि त्यात बीजांडकोश गमावण्याची भीती. मेरिलिनला मूल हवे होते.

१९५६ मध्ये नाटककार आर्थर मिलरशी तिचे लग्न झाले. १९५७ च्या ऑगस्टमध्ये गर्भ नळीत राहिल्याने शस्त्रक्रिया करावी लागली. १९५८ च्या अखेरीस गर्भपात झाला, १९५९ मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया. चित्रीकरणाला उशिरा येणारी, नखरेल बाई अशीच तिची ख्याती झाली. तिच्या उशिरा येण्याला कारणे अनेक होती. पण त्यात हे दुखणेही होते, याचा हिशेब कोणी मांडला नाही. आजही पाळीत रजा मागणाऱ्या बाईकडे कार्यालयात कसे पाहतात, हे वेगळे सांगायला नको.

योगायोग असा, की त्याच शहरात डॉ. अर्नोल्ड केगल नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ काम करत होते. बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या स्त्रियांसाठी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम त्यांनी १९४८ मध्ये मांडला. हे स्नायू झोळीसारखे मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तोलून धरतात. केगलचा व्यायाम ढिल्या स्नायूंसाठी उत्तम. एंडोमेट्रिओसिसमध्ये बऱ्याचदा गोष्ट उलटी असते. वर्षानुवर्षे कळ सोसताना शरीर नकळत हे स्नायू आवळून धरते, जसे पाठ दुखली की पाठीचे स्नायू ताठरतात. मग पाळी नसतानाही ओटीपोट दुखते, संबंधाच्या वेळी वेदना होतात, शौचाला कुंथावे लागते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो. गाठी काढल्या तरी आवळलेला स्नायू आपोआप सुटतोच असे नाही.

अशा बाईने कुणाचे ऐकून किंवा मोबाइलवर पाहून केगल सुरू केला तर दुखणे वाढू शकते. तिला आधी सैल सोडायला शिकावे लागते: उताणे पडून गुडघे छातीशी घ्यायचे, श्वास घेताना पोट फुगू द्यायचे आणि तळाचा भागही सैल पडू द्यायचा. गरम पाण्याच्या पिशवीने आराम पडतो. स्नायू ढिले आहेत की ताठर, हे तपासूनच कळते. म्हणून आधी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मग या कामातला फिजिओथेरपिस्ट. बाईच्या संमतीने आणि तिला झेपेल तेवढीच तपासणी करायची.

१९६१ च्या मे महिन्यात मेरिलिनवर एंडोमेट्रिओसिससाठी आणखी एक शस्त्रक्रिया झाली. तोवर मिलरशी घटस्फोट झाला होता आणि झोपेच्या गोळ्या नित्याच्या झाल्या होत्या. त्या गोळ्यांना केवळ हे दुखणे जबाबदार होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. निद्रानाश आणि मनाचा आजारही सोबत होता. ऑगस्ट १९६२ मध्ये त्याच गोळ्यांच्या अतिमात्रेने ती गेली. तेव्हा ती ३६ वर्षांची होती. मूल झाले नाही.